चार जीबी गेले कुठे, आले कुठून?

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मंडळातल्या ताईने सांगितलं तेव्हा मी आधी सरळ नाही म्हटलं होतं. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी बोलतो तेवढंच, आणि दहावीपर्यंत पेपरात लिहिलं तेवढंच. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत माझी अजून बोंबच आहे, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. पण विषय आपल्या होस्टेलचा आहे आणि होस्टेलमध्ये आपण भांडतो ते मराठीतच. म्हटलं, हे भांडणही मराठीतच होऊ दे.

भांडण नेटच्या मीटरवरून आहे.

नवीन आलेल्या फर्स्ट इयरच्या मुलींसाठी थोडक्यात सांगते. होस्टेलच्या वाय-फायवर प्रत्येकीला महिन्याला ४० जीबी मिळतात. संपले की नेट बंद. मग ऑफिसात जायचं, दर दहा जीबीला शंभर रुपये भरायचे, पावती घ्यायची, ती लॅबमध्ये दाखवायची. कोणी किती वापरलं याचा हिशेब एक सॉफ्टवेअर ठेवतं. ते काही वर्षांपूर्वी आपल्याच कॉलेजच्या एका बॅचने बी.ई.चा प्रोजेक्ट म्हणून लिहिलं. त्याबद्दल मला त्यांचा आदरच आहे. आपले बहुतेक प्रोजेक्ट एक्स्टर्नल गेले की कपाटात जातात, यांचा इतकी वर्षं चालतोय.

आता माझा कबुलीजबाब.

जुलैमधली गोष्ट. रात्री एक मोठी फाईल डाउनलोडला लावली होती, साधारण ४.६ जीबीची. (कसली ते विचारू नका. अभ्यासाची होती, असं धरून चाला.) पोर्टल उघडं ठेवून मी आपले किती जीबी जातायत ते जिवावर उदार होऊन बघत होते. ४,१०० एमबी झाले... ४,२०० झाले... ४,२८० झाले... आणि पुढच्या वेळी रिफ्रेश केलं तर ११! डाउनलोड तर चालूच होतं. सकाळी पूर्ण झालं तेव्हा माझ्या नावावर फक्त तीनशे पाच एमबी होते.

मी काय केलं असेल? रेक्टर मॅडमना जाऊन सांगितलं असेल? छे! मी मेसमध्ये नाश्त्याला सांगितलं. दुपारपर्यंत पूर्ण मजल्याला कळलं आणि रात्रीपर्यंत सगळ्या होस्टेलला. "लॉगआउट करू नका गं, चार जीबी पार करा, मीटर शून्य!" हा त्या महिन्याचा मंत्र झाला. पोहे खाताना एकमेकींना "काय, पार झालं का?" असं विचारायची पद्धतच पडली. आमच्या शाळेत मॉरल सायन्सचा तास असायचा. त्यात एक धडा हमखास असे, दुकानदाराने चुकून जास्तीचे सुटे पैसे दिले तर परत करावेत. पेपरात त्यावर मला पूर्ण मार्क होते. पण जीबी परत करावेत असं काही त्या पुस्तकात नव्हतं!

असो. आधी हे का झालं ते सांगते. कॉम्प आणि ईएनटीसीवाल्यांनी हा भाग वगळला तरी चालेल. खरं तर वगळू नये, कारण सेकंड इयरला हाच प्रश्न चार मार्कांना येतो आणि आपण तो पाठ करून लिहितो.

बाबांच्या जुन्या स्कूटरला पाच आकड्यांचं मीटर होतं. ९९,९९९ किलोमीटर झाले की पुढे जागाच नाही, मग ते ००,००० होतं. स्कूटर काही त्या क्षणी नवी होत नाही, फक्त मीटरचे आकडे संपतात. कम्प्युटरमधल्या मोजणीचंही तसंच असतं. ३२ बिटांच्या काउंटरमध्ये जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९५ एवढाच आकडा मावतो. त्यात आणखी एक मिळवला की शून्य. बाइटमध्ये मोजत असाल तर हे म्हणजे सुमारे ४.२९ जीबी. माझे ४,६०० एमबी झाले त्यातून ४,२९५ मीटरच्या एका फेरीत गेले आणि ३०५ उरले. जादू वगैरे काही नाही, साधी वजाबाकी आहे.

ही अडचण जुनी आहे आणि तिचा उपायही जुना आहे. आपलं गेटवे आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिला रेडियस म्हणतात. तिच्या अकाउंटिंगचं प्रमाण ठरवणारा दस्तऐवज म्हणजे आरएफसी २८६६, जून २००० चा. त्यात किती बाइट गेले आणि किती आले हे सांगायला दोन रकाने आहेत, दोन्ही ३२ बिटांचे. पण त्याच महिन्यात आरएफसी २८६९ सुद्धा आला आणि त्यात आणखी दोन रकाने दिले, गिगावर्ड्स नावाचे. त्यांचं काम एवढंच की मीटर किती वेळा गोल फिरलं ते सांगायचं. स्कूटरच्या मीटरच्या डावीकडे आणखी एक चाक बसवावं तसं. म्हणजे आमच्यातल्या कित्येकींच्या जन्माच्याही आधी हा प्रश्न सुटलेला होता! आपल्या सॉफ्टवेअरने ते दोन रकाने वाचलेच नव्हते, बस.

त्या सीनियर्सना मी दोष देणार नाही. त्यांच्या वेळी सगळ्या होस्टेलला मिळून जेवढा स्पीड होता, त्यात एका बैठकीत चार जीबी ओढणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं. काउंटर तेवढाच राहिला आणि स्पीड वाढला. १० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरून वाहिली तर ३२ बिटांचं मीटर गोल फिरायला ५७ मिनिटं लागतात. १०० एमबीपीएसवर पावणेसहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत आणि १ जीबीपीएसवर फक्त ३४ सेकंद. म्हणूनच २००० सालच्याच आरएफसी २८६३ मध्ये असा नियम आहे की २० एमबीपीएसहून वेगवान इंटरफेसवर बाइट मोजायला ६४ बिटांचे काउंटर हवेत. जे सॉफ्टवेअर लिहिलं तेव्हा बरोबर होतं, ते कोणी एक अक्षर न बदलता चुकीचं होऊ शकतं, हे मला या प्रकरणातून पहिल्यांदा नीट कळलं.

आता गोष्टीचा दुसरा भाग. तो मजेचा नाही.

ऑगस्टच्या सुरुवातीला महिन्याचा हिशेब जमेना म्हणून नेटवर्क लॅबच्या सरांच्या लक्षात ही गडबड आली. बाहेरून येणाऱ्या लाइनवर एवढा ट्रॅफिक आणि मुलामुलींच्या नावावर त्याच्या निम्मासुद्धा नाही! वरून विचारणा झाली. सरांनी एका रात्रीत दुरुस्ती केली. अगदी सोपी. नवा आकडा आधीच्या आकड्यापेक्षा कमी आला, तर समजायचं मीटर गोल फिरलं, आणि ४,२९५ एमबी मिळवायचे. दुसऱ्या दिवशी आमचा मंत्र बंद पडला. आम्ही चार दिवस हळहळलो आणि विसरून गेलो.

ऑगस्टच्याच तिसऱ्या आठवड्यात माझ्या रूममेटचे ४० जीबी संपले.

ती परभणी जिल्ह्यातली. नाव छापायचं नाही अशी तिने मला शपथ घातली आहे, म्हणून नुसतं रूममेट म्हणते. घरी शेती. कॉलेज बघणारी घरातली पहिलीच. लॅपटॉप चुलतभावाकडून घेतलेला, सेकंडहँड, त्याची बॅटरी मेलेली. म्हणजे चार्जर लावलेला असेल तोवरच चालतो. खोलीत एकच चांगला प्लग पॉइंट, त्यावर एक्स्टेंशन बोर्ड, त्यावर आम्हा तिघींचं सगळं. कोणाचा पाय लागला की तिचा लॅपटॉप बंद. लाइट गेली की बंद. ती बिचारी परत चालू करते, परत लॉगिन करते, परत कामाला लागते. तक्रार नाही.

तिने शंभर रुपये भरले. दहा जीबी तीन दिवसांत संपले. परत भरले. महिनाअखेरपर्यंत सहाशे रुपये झाले, सप्टेंबरात आठशे. महिनाअखेरीला नोटीस बोर्डवर यादी लागली, "इंटरनेटचा अतिवापर करणाऱ्या विद्यार्थिनी". अकरा नावं, सगळ्यात वर हिचं. मग मेसमध्ये सुरू झालं. "काय गं, रात्र रात्र काय बघतेस एवढं?" हसत हसत विचारायच्या, पण विचारायच्या. कोणी तरी पुढे जाऊन कोणाशी बोलते, कसले व्हिडिओ बघते, तेही ठरवून टाकलं. घरी पत्र गेलं. तिचे वडील फोनवर रागावले नाहीत. "बाळा, अभ्यासापुरतंच वापर" एवढंच म्हणाले. फोन ठेवल्यावर ती बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडून होती.

मी तिला म्हटलं, "अगं, तू तर नुसती लेक्चर्स बघतेस, तीही कमी क्वालिटीवर. सरांना जाऊन विचार ना."

ती म्हणाली, "काय विचारू? कॉम्प्युटर खोटं बोलायलंय का?"

या वाक्याने मला खरोखर गप्प केलं. कारण जुलैत ते खोटं बोलताना मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. फक्त तेव्हा ते माझ्या बाजूने खोटं बोलत होतं, म्हणून मला ते खोटं वाटलंच नव्हतं.

त्यानंतर एका संध्याकाळी तिचा लॅपटॉप माझ्यासमोर बंद पडला. (पाय माझाच लागला होता.) पाच मिनिटांत तिने परत लॉगिन केलं. मी सहज म्हणून पोर्टल बघितलं. बंद पडण्यापूर्वी महिन्याची बेरीज ११,२०४ एमबी होती. आता १५,२०१. दहा मिनिटांत चार जीबी! आपल्याकडे प्रत्येकीला ८ एमबीपीएसची मर्यादा आहे, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त एक एमबी. दहा मिनिटं म्हणजे सहाशे सेकंद, म्हणजे नळ पूर्ण सोडला तरी सहाशे एमबी. त्यात पाच मिनिटं लॅपटॉप बंदच. चौथीतल्या मुलाला त्रैराशिक घातलं तरी तो सांगेल की हे अशक्य आहे. आम्ही इंजिनिअरिंगच्या तिघी त्या खोलीत दोन महिने राहत होतो आणि एकीनेही हा गुणाकार केला नव्हता.

मग पुढचे आठ दिवस आम्ही वहीत आकडे मांडले. दर वेळी तोच प्रकार. त्या दिवसाचंच उदाहरण घ्या. बंद पडण्यापूर्वी त्या सेशनमध्ये तिचे ३१० एमबी झाले होते. परत आल्यावर नवं सेशन, त्यात १२. सॉफ्टवेअरने बघितलं की आकडा ३१० वरून १२ वर आलाय, म्हणजे मीटर गोल फिरलं. मग १२ वजा ३१० अधिक ४,२९५, बरोबर ३,९९७. लिहा तिच्या नावावर. प्रत्यक्षात मिळवायचे होते फक्त १२.

स्कूटरच्याच भाषेत सांगायचं तर मीटरवरचा आकडा दोन कारणांनी मागे जाऊ शकतो. मीटर गोल फिरलं म्हणून, किंवा मीटर काढून नवं बसवलं म्हणून. नुसत्या आकड्याकडे बघून यातलं काय झालं ते कळत नाही. सरांची दुरुस्ती पहिलंच कारण धरून चालली होती. व्यवस्थित लॉगआउट केलं तर सेशन बंद झाल्याची नोंद जायची आणि हिशेब बरोबर लागायचा. पंधरा मिनिटं काहीच हालचाल नसेल तर गेटवे स्वतःच सेशन बंद करायचं, तेव्हाही बरोबर. पण लॅपटॉप अचानक मेला आणि पंधरा मिनिटांच्या आत परत आला, तर जुनं सेशन तसंच उघडं राहायचं आणि सॉफ्टवेअरला वाटायचं की मुलगी तीच, मीटर तेच, आकडा मात्र मागे गेला. ठोका चार जीबी!

आता सांगा, कोणाचा लॅपटॉप अचानक मरतो? माझा नाही मरत. माझी बॅटरी पाच तास चालते, लाइट गेली तर मला कळतसुद्धा नाही. मी त्या यादीतल्या अकरा जणींना जाऊन भेटले. आठ जणींचे लॅपटॉप एक तर सेकंडहँड होते, नाही तर बॅटरी गेलेले. म्हणजे आपल्या होस्टेलात दोन महिने जी वसुली चालली होती ती नेट जास्त वापरल्याची नव्हती, नवी बॅटरी घ्यायची ऐपत नसल्याची होती. कोणी असं ठरवून केलं नव्हतं, हे मला मान्य आहे. पण ज्या चौदाशे रुपयांत तिची बॅटरी बदलायची सुरुवात तरी झाली असती, ते रुपये बॅटरी नसल्याबद्दल गेले.

आम्ही वही घेऊन सरांकडे गेलो. मला वाटलं होतं सर हाकलतील. त्यांनी वही पाच मिनिटं बघितली, चष्मा काढला आणि म्हणाले, "अरे बापरे." दोन वसतिगृहं, सहा लॅब, परीक्षेचं ऑनलाइन काम आणि हाताखाली एक असिस्टंट, अशी त्यांची अवस्था आहे, तेव्हा मला त्यांच्याबद्दल वाईट बोलायचं नाही. त्यांनी त्याच संध्याकाळी दुरुस्ती केली, या वेळी योग्य. गिगावर्ड्सचे दोन रकाने वाचायला लावले आणि प्रत्येक सेशनचा हिशेब त्याच्या सेशन आयडीखाली वेगळा ठेवला. सेशन आयडीचा रकानासुद्धा २००० सालापासून तिथेच आहे. दोन तासांचं काम.

मला ज्याबद्दल बोलायचं आहे तो मुद्दा इथे सुरू होतो. चूक एकच होती, तिला दोन तोंडं होती. पहिल्या तोंडाने कॉलेजचं नुकसान झालं, ते काही आठवड्यांत वरपर्यंत पोचलं आणि एका रात्रीत बुजवलं गेलं. दुसऱ्या तोंडाने अकरा मुलींचं नुकसान झालं. त्याला दोन महिने लागले, आणि तेही माझा पाय एक्स्टेंशन बोर्डला लागला म्हणून. हे फक्त आपल्या होस्टेलचं नसावं. मोजमापातली चूक किती लवकर सापडते, हे ती कोणाच्या खिशाला लागते आणि त्या माणसाला बोलायची सोय आहे का, यावर ठरतं.

वर्गात ओव्हरफ्लो शिकवताना दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक, ४ जून १९९६ ला एरियान ५ रॉकेट उडाल्यावर चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं, कारण ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत कोंबला गेला. दुसरी, डिसेंबर २०१४ मध्ये गंगनम स्टाइल गाण्याचे व्ह्यूज २,१४,७४,८३,६४७ च्या पुढे गेले आणि यूट्यूबचं मीटर ६४ बिटांचं करावं लागलं. दोन्ही भारी गोष्टी आहेत, सांगायला मजा येते. पण आपल्यातले किती जण रॉकेट बनवणार आहेत? बहुतेक जण कुठल्या तरी कंपनीत बसून बिलाचं, हजेरीचं, शिष्यवृत्तीचं, रेशनचं सॉफ्टवेअर लिहिणार आहोत. तिथे ओव्हरफ्लो झाला तर धूर निघत नाही. कोणाच्या तरी नावावर चार जीबी चढतात आणि तो माणूस म्हणतो, कॉम्प्युटर खोटं बोलतंय का? आणि भरून टाकतो.

माझ्या आजोबांचं किराणा दुकान होतं. त्यांच्या काट्याची आणि वजनांची ठरावीक मुदतीने सरकारी तपासणी व्हायची, वजनांवर शिक्का असायचा. आज त्यासाठी २००९ चा वैध मापन कायदा आहे. पण आजोबा त्याहून एक साधी गोष्ट पाळायचे, काटा गिऱ्हाइकाला दिसेल असा ठेवायचे. आताच्या डिजिटल काट्यांनाही दोन्हीकडे आकडे असतात, एक दुकानदाराकडे, एक गिऱ्हाइकाकडे. पाव किलो साखरेसाठी आपण एवढी काळजी घेतो. टेलिफोन आणि मोबाइलच्या बिलांसाठीही ट्रायने २००६ साली मीटरिंग आणि बिलिंगच्या अचूकतेचे नियम केले, त्यात दरवर्षीच्या ऑडिटची सोय केली, आणि २०२३ मध्ये ते नियम नव्याने आणले. होस्टेलचं नेट त्या नियमांत बसत नाही. ठीक आहे. पण जो पैसे कापतो त्याने काटा समोरच्याला दाखवावा, याला नियम कशाला हवा?

म्हणून रेक्टर मॅडम आणि लॅबच्या सरांना, आणि पुढे हे सॉफ्टवेअर ज्यांच्या हातात जाईल त्या ज्युनियर्सना, माझ्या चार मागण्या आहेत.

पहिली, पोर्टलवर नुसती महिन्याची बेरीज नको. प्रत्येक सेशन कधी सुरू झालं, कधी संपलं, किती एमबी झाले, हे दिसू दे. बेरीज आमची आम्ही करू.

दुसरी, अशक्य आकडे सॉफ्टवेअरनेच अडवावेत. ८ एमबीपीएसच्या लाइनवर दहा मिनिटांत चार जीबी दिसले तर तो आकडा आधी माणसाने बघावा, मग कोणाच्या नावावर चढवावा.

तिसरी, तक्रार केली तर ती तपासून होईपर्यंत नेट बंद करू नये आणि घरी पत्र पाठवू नये. नावांची यादी तर कधीच लावू नये. लायब्ररी आणि लॅब संध्याकाळनंतर मुलींना बंद असतात. होस्टेलचं नेट गेलं की आमचा अभ्यासच बंद होतो.

चौथी, ती जुनी यादी गुपचूप काढली गेली. लावली होती त्याच बोर्डवर "हिशेबात चूक होती, या मुलींचा दोष नव्हता" अशी दोन ओळींची नोटीस लावावी. पैसे पुढच्या महिन्यात वळते करणार असं ऑफिसने सांगितलंय, ते होतीलही. पण मेसमध्ये जे बोललं गेलं ते वळतं कसं करणार?

आमच्यासाठीही एक सांगते, नाही तर हे एकतर्फी होईल. लॅपटॉपवरचा आकडा आणि पोर्टलचा आकडा तंतोतंत जुळणार नाही, लगेच मोर्चा काढू नका. एक जीबी म्हणजे कोणी १०० कोटी बाइट धरतं, कोणी १,०७,३७,४१,८२४. तिथेच सात टक्क्यांचा फरक पडतो. शिवाय प्रत्येक पॅकेटबरोबर टीसीपी आणि आयपीची मिळून किमान ४० बाइटची हेडर जातात. फाईलच्या साइझमध्ये ती दिसत नाहीत, मीटरमध्ये दिसतात. थोडा फरक हा हिशेबाचा भाग आहे. चार जीबीची उडी हा हिशेबाचा भाग नाही.

राहिली माझी स्वतःची गोष्ट. जुलैत मी मीटर गोल फिरवून किती जीबी फुकट मिळवले ते मोजलं. सव्वीसच्या आसपास भरले. म्हणजे तीनशे रुपये. ते घेऊन मी ऑफिसात गेले. क्लार्क काकांनी सगळं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "अहो ताई, पण हे कुठल्या हेडखाली जमा करू?" असं हेडच नाहीये म्हणे! जास्त घेतलेलं परत करायला आपल्याकडे रकाना नाही, जसा त्या सॉफ्टवेअरला गिगावर्ड्सचा नव्हता. शेवटी ते पैसे मी रूममेटच्या बॅटरीत घातले. ती घेत नव्हती, बरंच भांडण झालं. ते मात्र मी जिंकले. बॅटरी अजून यायची आहे.

काल रात्री परत लाइट गेली, तिचा लॅपटॉप बंद पडला. लाइट आल्यावर दोघींनी आधी पोर्टल उघडलं. नऊ एमबी वाढले होते, बरोबर होते. तरी तिने वही काढून तारीख, वेळ आणि आकडा लिहिला. मी म्हटलं, "आता कशाला?" ती म्हणाली, "असू दे की."

तुम्हीही एक वही ठेवा. नेटसाठी, मेसच्या बिलासाठी, हजेरीसाठी, जिथे जिथे तुमचा आकडा दुसरं कोणी ठेवतं तिथे तिथे. वीस रुपयांची दोनशे पानी पुरते.